मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं आणि डीफ्रॉस्ट करणं: आधी पॉवर कमी करायला शिका

ऑफिसच्या पँट्रीत दुपारी एक वाजता लाइन लागते तेव्हा मी बघत असते, जवळजवळ प्रत्येक जण वाटी आत ठेवतो, स्टार्टचं बटण दोन-तीनदा दाबतो, आणि बाहेर काढल्यावर आमटी कडेने रटरटतेय पण मधला बटाटा गारढोण. मग परत एक मिनिट. मग कडेची आमटी आटून वाटीला चिकटते आणि बटाटा जेमतेम कोमट. आणि वर म्हणायचं की मायक्रोवेव्हमध्ये काही धड गरम होत नाही, चव जाते. अहो, चव मशीनमुळे नाही जात, फुल पॉवरमुळे जाते. मला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूचं: त्या मशीनवर पॉवर कमी करायची सोय आहे ती वापरा, आणि बंद झाल्यावर एक-दोन मिनिटं थांबा.

बटणवाल्या मॉडेलवर बहुतेक 'मायक्रो' किंवा 'पॉवर' लिहिलेलं असतं, ते परत परत दाबलं की १००, ८०, ६० असे टप्पे खाली येतात. ज्यांच्याकडे दोन नॉब असतात त्यात एक वेळेचा, दुसरा लो-मीडियम-हायचा. तो दुसरा नॉब कित्येक घरांत वर्षानुवर्षं हायवरच असतो, माझ्या सासूबाईंचा तर तिथेच घट्ट बसला होता.

आता हे का, ते बघायचं असेल तर घरी एक उडदाचा पापड मायक्रोवेव्हमध्ये भाजा. काही ठिकाणी छान फुलतो, काही ठिकाणी तस्सा कच्चा पिवळा राहतो आणि एखाद्या ठिकाणी करपून डाग पडतो. तो पापड म्हणजे तुमच्या ओव्हनचा नकाशा आहे. आतल्या लहरी भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात, त्यामुळे कुठे जोर दुप्पट होतो आणि कुठे जवळपास नसतोच. ह्या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे साधारण १२ सेंटीमीटर लांबीच्या, त्यामुळे जोराच्या जागा अंदाजे सहा-सहा सेंटीमीटरवर येतात. काचेची थाळी फिरते ती ह्याच्याचसाठी. पण थाळीचा बरोब्बर मध्य फिरून फिरून जागच्या जागीच राहतो ना, त्यामुळे वाटी मधोमध ठेवू नका, कडेकडे ठेवा, म्हणजे ती सगळ्या जागांमधून फिरून येते. दोन-तीन वाट्या असतील तर गोल मांडा, मध्य रिकामा ठेवा. ताटलीतल्या भाजीचंही तेच, ढीग न करता मधे खड्डा करून कडेने पसरायची, एवढ्यानेच किती फरक पडतो ते एकदा करून बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे ह्या लहरी अन्नात दोन-तीन सेंटीमीटरच नीट शिरतात. 'आतून बाहेर शिजतं' असं जे सांगतात ते चूक आहे. बटाट्याच्या मोठ्या फोडीच्या पोटात उष्णता जाते ती आपली नेहमीसारखीच, बाहेरून हळूहळू आत सरकत, आणि तिला वेळ लागतो. फुल पॉवरवर आपण तो वेळच देत नाही. साध्या ओव्हनमध्ये ह्या लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन हा मूळचा रडारचा पार्ट (१९४५ साली अमेरिकेत रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर ह्यांच्या खिशातलं चॉकलेट चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळलं, तिथून हे सगळं सुरू झालं असं सांगतात), आणि तो एक तर पूर्ण चालू असतो नाहीतर बंद. त्यामुळे ५० टक्के पॉवर म्हणजे अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. कान देऊन ऐका, घुर्रऽ आवाज मधेमधे बदलतो. तो बंद असतो तेव्हा कडेची उष्णता आत पोचते, काम तेव्हाच होतं. इन्व्हर्टर लिहिलेलं मॉडेल असेल तर त्यात खरोखर सलग कमी पॉवर मिळते, तुमचं नशीब चांगलं.

आणि स्टँडिंग टाइम, म्हणजे बंद झाल्यावर झाकण न काढता ठेवणं, हा पण गरम करण्याचाच भाग आहे. भाताला एक मिनिट, रस्सा-उसळीला दोन मिनिटं, फ्रीझरमधून काढलेल्या गोष्टीला पाच. भूक लागलेली असते मान्य आहे, पण तेवढ्यात ताटं घ्या, कांदा चिरा.

पुढे मी जे टायमिंग देणार आहे ते ८०० वॅटच्या २० लिटरवाल्या सोलो (म्हणजे नुसत्या मायक्रोवेव्हच्या) ओव्हनचं आहे, आमच्याकडे तोच आहे. तुमचा किती वॅटचा ते मागच्या पट्टीवर असतं, फक्त तिथे दोन आकडे असतात, त्यातला मोठा, हजार-बाराशेचा, तो वीज किती खातो त्याचा. लहान आकडा बघायचा. पट्टी पुसली गेली असेल तर घरच्या घरी मोजता येतं: मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात बरोबर एक लिटर साधं पाणी, थर्मामीटरने तापमान बघून ठेवा, फुल पॉवरवर दोन मिनिटं चालवा, लगेच ढवळून परत तापमान बघा, जेवढे डिग्री सेल्सिअस वाढलं त्याला ३५ ने गुणा. २० डिग्री वाढलं तर ७०० वॅट. मशीन जुनं झालं किंवा व्होल्टेज पडलेलं असलं की हा आकडा कमी येतो, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज डाऊन असताना तुमचं नेहमीचं टायमिंग चुकत असेल तर कारण ते असू शकतं. आणि अमेरिकेतली बहीण किंवा भाऊ तिकडचं टायमिंग सांगत असेल तर तिकडे ११०० वॅटचे ओव्हन सर्रास असतात, त्यांची दोन मिनिटं म्हणजे आपली पावणेतीन.

भातापासून सुरू करते कारण रोजचा तोच. फ्रीजमधला भात कडक झालेला असतो, त्यातला स्टार्च थंडीत परत घट्ट बसतो, त्याला परत मऊ करायला उष्णता आणि पाणी दोन्ही लागतं. वाटीभर भाताला दीड-दोन चमचे पाणी शिंपडायचं, गुठळ्या हाताने मोडायच्या, वर ताटली झाकायची आणि इथे फुल पॉवर चालेल, दीड मिनिट, कारण झाकणाखाली वाफ धरते आणि ती वाफच काम करते. मग एक मिनिट तसंच राहू द्या. मोकळा, ताज्यासारखा भात.

पण भाताबद्दल एक गोष्ट मला जीव तोडून सांगायची आहे. भातात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू असतात, त्यांची बीजं कुकरच्या शिट्ट्यांतूनही जगू शकतात, आणि भात बाहेर राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर गरम करून जात नाही. मायक्रोवेव्ह असो की कढई, जात नाही. आमच्याकडे लहानपणी रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात व्हायचा, मला तो अजून आवडतो, पण आता मी भात रात्रीच फ्रीजमध्ये टाकते आणि सकाळी तोच फोडणीला घालते, उलट थंड भात जास्त मोकळा होतो. शिजवलेलं काहीही दोन तासांत फ्रीजमध्ये जायला हवं, आणि एप्रिल-मेमध्ये घरात ३२ डिग्रीच्या वर असतं तेव्हा एका तासात. कुकरचं भांडं तसंच्या तसं फ्रीजमध्ये नका ढकलू, मधलं निवायलाच कित्येक तास लागतात, परातीत पसरा, वाफ जाऊ द्या, मग उथळ डब्यात भरा.

आणि गरम म्हणजे किती गरम, तर मध्यभागी ७४ डिग्री. हे अमेरिकेच्या सरकारी खात्याचं माप आहे आणि ते धरून चालायला सोपं आहे. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर मधला घास वाफाळता पाहिजे, कडेचा नाही, मधला. जेवढं खायचं तेवढंच काढून गरम करा, पूर्ण पातेलं रोज गरम करून रोज परत आत ठेवणं हे सोडा.

पोळीचं गणित वेगळं. पोळी मायक्रोवेव्हमध्ये काढल्या काढल्या मऊ लुसलुशीत लागते आणि दोन मिनिटांत चामड्यासारखी होते, सगळ्यांचा अनुभव आहे. तिच्यातलं पाणी उडून गेलेलं असतं आणि थंड होताना ती आवळते. म्हणून दोन पोळ्या किंचित ओलसर सुती रुमालात गुंडाळायच्या, १५ ते २० सेकंद, जास्त नाही, आणि रुमालातूनच एकेक काढत खायची. दहा पोळ्यांची चळत एकदम ठेवू नका, वरच्या-खालच्या वाळतात आणि मधल्या ओल्या. घरी असाल आणि गॅस असेल तर तवाच बरा. भाकरी तर मायक्रोवेव्हमध्ये टाकूच नका. शिळ्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवून तव्यावर ठेवा, नाहीतर सरळ कुस्करून ताक-कांदा घालून खा.

मायक्रोवेव्ह खरा कशासाठी घ्यावा तर साबुदाण्याच्या खिचडीसाठी. हे मी अगदी मनापासून सांगतेय. गार झालेली खिचडी दगड होते, कढईत परत परतली की खाली चिकटते आणि वर तशीच राहते. काचेच्या बोलमध्ये घ्या, दोन चमचे पाणी किंवा दूध शिंपडा, झाकण, ६० टक्के पॉवरवर एक मिनिट, एकदा हलवा, परत ४० सेकंद, मग दोन मिनिटं झाकलेलीच. दाणा न् दाणा मऊ आणि पारदर्शक. एकादशीला ज्यांच्याकडे माणसं मागेपुढे जेवतात त्यांनी हे नक्की करून बघा. पोहे, उपमा ह्यांनाही हीच रीत, फक्त पोह्यांवरचं ओलं खोबरं आणि कोथिंबीर नंतर घाला.

कढी फाटते. ताकातली प्रथिनं जोरात उकळलं की आकसून गोळा होतात आणि पाणी वेगळं होतं, गॅसवर आपण हे जाणतो म्हणून ढवळत राहतो पण मायक्रोवेव्हमध्ये ढवळणारं कोणी नसतं. ५० टक्के, एक मिनिट, ढवळा, परत एक मिनिट, ढवळा, आणि उकळी यायच्या आत थांबा. नारळाच्या दुधाच्या रश्शाचं, माशाच्या कालवणाचं तसंच. मासा तर फुल पॉवरवर रबर होतो आणि वर फुटून ओव्हनभर उडतो. सोलकढी गरम करायचीच नाही, हे सांगायला नको खरं तर, पण मी पँट्रीत एकाला करताना पाहिलंय.

घट्ट आमटी, पिठलं, पालकाची पातळ भाजी, हे सगळे उडणारे प्रकार. वरचा थर घट्ट, खाली वाफ अडकते आणि फट्‌कन फुटते. त्यात थोडं पाणी घालून सैल करा, झाकण सैल ठेवा (घट्ट बंद डबा कधीच नाही, वाफेला वाट हवी), ७० टक्के, दोन-अडीच मिनिटं, मधे एकदा तळापासून ढवळणं मस्ट. बटाट्याच्या, फ्लॉवरच्या मोठ्या फोडी असतील तर चमच्याने दोन तुकडे करून टाका. चिकनच्या रश्शात जाडे पीस बाहेरच्या कडेला, बारीक पीस आणि ग्रेव्ही मधे. अंडा करीतली अंडी आधी अर्धी कापा. अख्खं उकडलेलं अंडं गरम करू नका, आत वाफ कोंडून ते फुटतं, आणि कधी कधी ओव्हनमध्ये फुटत नाही, बाहेर काढून चावल्यावर तोंडात फुटतं. कच्चं अंडं कवचासकट तर कधीच नाही.

आता मोदक. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने फ्रीजमधला उकडीचा मोदक ४० सेकंद फुलवर लावला, हाताला कोमट लागला म्हणून अख्खा तोंडात टाकला आणि टाळूला फोड आला, दोन दिवस त्याला धड जेवता आलं नाही. बाहेरची उकड कोमट असते पण गुळाचं सारण भयंकर तापलेलं असतं आणि ते चिकटून बसतं. पुरणपोळी, गुळाची पोळी, जॅम भरलेला बन, सगळ्यांचं हेच. मोदक ओल्या हाताने पुसून घ्या, हळदीचं किंवा केळीचं पान असेल तर त्यावर ठेवा, झाकण, ४० ते ५० टक्के पॉवर, दोन मोदकांना ३० सेकंद, दोन मिनिटं थांबा आणि मुलांना देताना आधी फोडून द्या. पुरणपोळी २० सेकंद त्याच पॉवरवर आणि तूप नंतर वरून. पण तव्यावरची खरपूस पुरणपोळी ती वेगळीच, वेळ असेल तर तीच करा.

तळलेलं काहीही, बटाटेवडा, भजी, साबुदाणा वडा, सामोसे, मायक्रो मोडवर ठेवू नका. आतल्या बटाट्याची वाफ बाहेर येऊन कुरकुरीत आवरणात मुरते आणि ते आवरण ओलं, लोंबतं होतं. कन्व्हेक्शन मोड (गरम हवेने भाजणारा) असेल तर १८० डिग्रीवर आधी तापवून जाळीवर पाच-सहा मिनिटं, नाहीतर तवा मंद आचेवर, झाकण न ठेवता.

भांड्यांचं थोडक्यात. बोरोसिल किंवा तत्सम काच सगळ्यात भरवशाची. स्टीलचा डबा नाही, ॲल्युमिनियम फॉइल नाही, सोनेरी किंवा चंदेरी काठाचे कप-बश्या नाहीत, वर्ख लावलेली मिठाईसुद्धा नाही, वर्ख धातूच आहे आणि ठिणग्या उडतात. मेलामाइनच्या प्लेटा अजिबात नाहीत. हॉटेलच्या पार्सलचे प्लॅस्टिकचे डबे कितीही 'मायक्रोवेव्ह सेफ' म्हणोत, मी त्यातून अन्न काढूनच गरम करते, कारण तेल पाण्यापेक्षा खूप जास्त तापतं आणि जिथे तर्री लागते तिथे डबा पिवळा पडून खडबडीत होतो, तुम्ही पाहिलं असेल. एखादं भांडं चालेल की नाही शंका असेल तर ते रिकामं ठेवा, शेजारी काचेच्या पेल्यात पाणी ठेवा, एक मिनिट फुलवर. पाणी गरम आणि भांडं गार तर चालेल. भांडंच तापलं तर नाही. धातू असेल तर ही टेस्ट करायची नाही. आणि शेजारी पाणी ठेवायला विसरू नका, ओव्हन रिकामा चालवणं वाईट.

नुसतं पाणी किंवा चहा गरम करताना जपा. गुळगुळीत स्वच्छ कपात पाणी उकळीच्या वर तापतं तरी बुडबुडे येत नाहीत, शांत दिसतं, आणि चहाची पिशवी किंवा साखर टाकली की एकदम उसळून हातावर येतं. आत लाकडी चमचा किंवा काडी ठेवा, बंद झाल्यावर अर्धा मिनिट हात लावू नका. दूध अर्धाच कप भरून आणि ७० टक्क्यांवर. तान्ह्या बाळाचं दूध, आईचं असो की पावडरचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही म्हणजे नाही, बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत एखादा चटका बसणारा घोट असतो. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवा, पाच मिनिटं लागतात, लागू द्या.

रेडिएशनची भीती अजून खूप घरांत आहे म्हणून सांगते, ह्या लहरी वायफायच्याच जातीच्या आहेत, अन्न किरणोत्सर्गी वगैरे होत नाही, बंद केलं की संपलं. दारातल्या जाळीची भोकं लहरींपेक्षा खूपच लहान असल्याने त्या बाहेर येत नाहीत. दार वाकलं असेल, नीट लागत नसेल, तर मात्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

आता डीफ्रॉस्ट, जिथे सगळ्यात जास्त अन्न फुकट जातं. मी पूर्वी घाईत अर्धा किलो खिम्याचा गोळा फुल पॉवरवर चार मिनिटं लावला होता. बाहेरचा थर शिजून राखाडी, मधे बर्फाचा दगड, आणि त्या दोन्हीच्या मधला थर कोमट, जंतूंना हवा तसा. टाकून द्यावा लागला. नंतर कारण समजलं. बर्फ ह्या लहरी जवळपास शोषत नाही, पाणी मात्र भराभर शोषतं. म्हणजे कडेचा एक थेंब वितळला की सगळी ताकद त्या थेंबावरच जाते आणि आतला बर्फ तसाच बसतो. त्यात भर म्हणजे एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, आणि तेवढ्याच उष्णतेत त्या वितळलेल्या पाण्याचं तापमान शून्यावरून ८० डिग्रीवर जातं. म्हणून डीफ्रॉस्टचं बटण म्हणजे साधारण ३० टक्के पॉवर, थोडं तापवायचं, खूप थांबायचं, वितळलेल्या भागाची उष्णता बर्फाने खाऊ द्यायची.

अर्धा किलो चिकनला ३० टक्क्यांवर एकूण आठ-दहा मिनिटं धरा, पण सलग नाही. पिशवीतून काढून काचेच्या डिशमध्ये, तीन मिनिटं चालवा, उलटं करा, सुटणारे पीस सोडवा, सुटलेलं पाणी ओतून टाका (नाहीतर ते पाणीच तापत बसतं), परत तीन मिनिटं, जे मऊ झालेत ते पीस बाहेर काढून ठेवा, उरलेल्यांना परत दोन-तीन. पंखाचा सांधा, कडेचे पातळ तुकडे आधी शिजायला लागतात, ते दिसले की उचला. मधे थोडा बर्फ हाताला लागतोय तेव्हाच थांबायचं, पूर्ण वितळेपर्यंत नाही, आणि दहा मिनिटं तसंच झाकून ठेवायचं. वजन टाकायची ऑटो डीफ्रॉस्टची सोय असेल तर खरं वजन टाका आणि मधे बीप वाजला की उलटं करा, तो बीप त्याच्याचसाठी असतो, बरेच जण तो काम संपल्याचा समजतात. आणि मायक्रोवेव्हमध्ये डीफ्रॉस्ट केलेलं मांस-मच्छी लगेच शिजवा, 'संध्याकाळी बघू' नाही, कारण काही भाग गरम झालेलाच असतो.

पण खरं सांगू का, अर्धं डीफ्रॉस्टिंग फ्रीझरमध्ये ठेवतानाच झालेलं असतं. खिमा, मटण, वाटण, आमटी, जे काही असेल ते गोळा करून न ठेवता झिपच्या पिशवीत भरून तळहाताने चपटं करा, दोन सेंटीमीटर जाडीचं पुस्तकासारखं. लहरी तेवढ्याच शिरतात ना, मग मधे दगड उरतच नाही. एका पिशवीत एका वेळचंच. मी खिम्याच्या पिशवीवर सुरीच्या पाठीने रेघा मारून ठेवते, चॉकलेटच्या वडीसारखा हवा तेवढा तोडता येतो. शिजवलेली आमटी, राजमा गोठवलेला असेल तर ५० टक्क्यांवर तीन मिनिटं, काट्याने गठ्ठा फोडा, परत दोन मिनिटं, आणि पूर्ण पातळ झाल्यावरच मग फुल पॉवर. फ्रीझरमधली गार काच सरळ फुलवर तापवू नका, तडकते.

खवलेलं ओलं खोबरं आमच्याकडे कायम फ्रीझरमध्ये असतं. वाटीभराला ३० टक्क्यांवर ४० सेकंद, मोकळं करा, लागलं तर परत २०. जास्त झालं तर तेल सुटतं आणि वाटणाला वास येतो. मटार, मक्याचे दाणे ह्यांना डीफ्रॉस्ट नकोच, तसेच भाजीत टाका. फ्रोझन पराठा सरळ तव्यावर. पनीर गरम पाण्यात पंधरा मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये ते चिवट होतं.

मासे मी शक्यतो मायक्रोवेव्हमध्ये सोडवत नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद व्हायच्या आधी सुरमईच्या तुकड्या साठवतो आम्ही, एकेक तुकडी वेगळी गुंडाळून, आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवली की सकाळपर्यंत तयार. घाई असेल तर पिशवी नीट बंद करून थंड पाण्यात बुडवा, अर्ध्या-पाऊण तासात होतात, पाणी दोनदा बदला, गरम पाणी नको. अगदीच नाइलाज असेल तर २०-३० टक्क्यांवर दीड मिनिट, उलटा, परत एक, पातळ पोटाची बाजू थाळीच्या मध्याकडे आणि जाड पाठ बाहेर. कोळंबी फारच लवकर शिजते, ती पाण्यातच. वास राहिला तर बोलमध्ये पाणी आणि लिंबाच्या साली, तीन मिनिटं फुल, पाच मिनिटं दार न उघडता ठेवा, वाफेने चिकटलेलंही सुटतं, ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

आणि आमरस. मे महिन्यात हापूसचा रस काढून डबे भरून ठेवतो ना आपण, तो कृपा करून मायक्रोवेव्हमध्ये लावू नका, ३० टक्क्यांवरही नको. कडेचा रस तापला की त्याला शिजवलेल्या आंब्याची, जॅमसारखी चव येते आणि ती उरलेल्या सगळ्या रसात उतरते, मग वेलची घाला नाहीतर केशर. आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळी पुऱ्या लाटून होईपर्यंत मधे थोडा बर्फ उरलेला असतो, तो रवीने मोडा.